फोनमधली डायरी : घराची नव्हे, स्वतःची

नवं वर्ष लागलं की प्रत्येक घरात दोन-तीन डायऱ्या येऊन पडतात. एक विम्याच्या एजंटाकडून, एक बँकेतून, एखादी 'ह्यां'च्या ऑफिसातून. त्यातली सगळ्यांत बरी डायरी आपण बायका 'यंदा रोज लिहायचं हं!' म्हणून बाजूला काढून ठेवतो. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात चार ओळी उमटतात. संक्रांतीपर्यंत उत्साह टिकतो. मग एका पानावर दुधाचा हिशेब येतो, कारण ऐन वेळी दुसरा कागद हाताशी नसतो. पुढच्या पानावर इस्त्रीचे कपडे, त्यापुढे भिशीचे नंबर. होळीपर्यंत ती डायरी घराची होऊन जाते.

आता वहीच्या जागी फोन आला. पण मैत्रिणींनो, फोनमध्ये तरी वेगळं काय घडतं? तुमच्या फोनमधलं नोंदी ठेवायचं ॲप उघडून बघा. गॅसचा ग्राहक क्रमांक, धाकट्याच्या बुटांचं माप, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, दिवाळीच्या चिवड्याला लागलेले पोहे, नळदुरुस्तीवाल्याचा नंबर. सगळं घर तिथे नांदतंय. त्यात 'मला' हा शब्द कितीदा आलाय, ते मोजा. बहुतेकींच्या फोनमध्ये तो एकदाही सापडायचा नाही.

म्हणूनच आज हा विषय घेतला. डायरी फोनमध्ये लिहावी का? माझं उत्तर आहे, अवश्य लिहावी. पण ती आपली स्वतःची राहील अशी तजवीज आधी करावी आणि मगच पहिली ओळ लिहावी. ही तजवीज काही अवघड नाही. एका दुपारचं काम आहे.

वहीपेक्षा बरं ते कशात?

मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. वही-पेनाचा संसार माझ्या पोटापाण्याचा, तेव्हा कागदाबद्दल मला प्रेम नाही असं कुणी म्हणू नये. तरी गेली चार वर्षं मी माझी डायरी फोनमध्ये लिहिते, आणि त्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत.

पहिलं कारण म्हणजे वेळ. डायरी लिहायला निवांत अर्धा तास मिळेल ही कल्पना आपण सोडून दिलेली बरी. आपल्याला मिळतात ती मिनिटं : कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत, मुलगा शिकवणीतून बाहेर येईपर्यंत, रिक्षा सिग्नलला थांबलेली असताना. तेवढ्यात वही काढणं होत नाही, पण फोन हातात असतोच.

दुसरं कारण जरा मिस्कील आहे. बाई वही घेऊन बसली की घरातल्या प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, "काय लिहितेस?" तीच बाई फोनमध्ये बोट फिरवत बसली, तर भाजीची ऑर्डर देतेय असंच सगळे समजतात!

तिसरं, मराठी टंकलेखन येत नाही ही सबब आता उरलेली नाही. गूगलच्या कीबोर्डात मराठी भाषा जोडून घेतली की इंग्रजी अक्षरांत 'aaj' लिहिलं तरी 'आज' उमटतं. शिवाय माइकची खूण दाबून बोललं की बोलणं मराठीत लिहून मिळतं. त्यात नावं कधीकधी विनोदी होतात, विरामचिन्हं हरवतात, पण आपल्याला काही निबंधाचे गुण मिळवायचे नाहीत. एवढंच की बोलून लिहायचं तर खोलीत दुसरं कुणी नको. गच्चीवर कपडे वाळत घालताना हे काम छान होतं.

आणि चौथं, सगळ्यांत मोठं कारण : शोधता येतं. वहीतली गोष्ट शोधायला वही पुन्हा वाचावी लागते. ॲपमध्ये एक शब्द लिहिला की तो शब्द जिथे जिथे आलाय त्या सगळ्या नोंदी समोर येतात. याचा मला काय उपयोग झाला, ते पुढे सांगते.

दोन वह्या, दोन ठिकाणं

पहिली तजवीज ही, की घराच्या नोंदी आणि आपली डायरी एका ॲपमध्ये ठेवू नये.

गूगल कीप हे ॲप २०१३ साली आलं. फुकट आहे आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं. घरासाठी ते उत्तम. वाणसामानाची यादी त्यात केली आणि नवऱ्याला त्या यादीत भागीदार करून घेतलं, की तो दुकानात उभा राहून एकेक जिन्नस खोडतो आणि इकडे आपल्याला दिसतं. "तूरडाळ सांगितलीच नव्हतीस" हा वाद मिटतो. पण जे ॲप वाटून घेण्यासाठी इतकं सोयीचं, ते मनातलं लिहायला तितकंसं सोयीचं नव्हे. यादी दाखवायला फोन कुणाच्या हातात दिला की शेजारची नोंदही दिसतेच. शिवाय कीपमध्ये एकेका नोंदीला वेगळं कुलूप घालता येत नाही.

म्हणून डायरीसाठी कुलूप असलेली जागा निवडावी. सॅमसंगचा फोन असेल तर त्यातल्या सॅमसंग नोट्समध्ये प्रत्येक नोंदीला कुलूप घालता येतं. मी तेच वापरते. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्या नोट्समध्येही ही सोय आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून खास डायरीसाठी जर्नल नावाचं वेगळं ॲपही त्यात मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या वननोटमध्ये अख्खा एक विभाग पासवर्डखाली ठेवता येतो. ते कुलूप संगणकावरून घालावं. मात्र त्याचा पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा तो विभाग उघडून देऊ शकत नाही.

काही जणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून तिथे मन मोकळं करतात. २०२२ च्या अखेरीपासून तशी सोय तिथे आहे. वाणसामानाला ठीक, पण डायरीला नको. त्याच यादीत वर 'माहेरची मंडळी' आणि खाली 'सोसायटी बी विंग' असे ग्रुप असतात. घाईत बोट एक ओळ वर पडलं तर काय होईल, ते मी सांगायला नको!

कुलूप कशाला? लपवायचंय काय?

हा प्रश्न घरोघर विचारला जातो. "आमच्यात काही लपवाछपवी नाही बाई," असं आपणही अभिमानाने म्हणतो. मग कुलूप कशाला?

माझी एक आत्या होती. लग्नानंतर सासरी गेली तेव्हा जाताना एक शंभर पानी वही घेऊन गेली. दुपारी सगळे झोपले की त्यात दोन ओळी लिहायची. एक दिवस ती वही कुणाच्या तरी हाती लागली आणि संध्याकाळच्या चहाला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. त्यात भयंकर असं काही नव्हतं. माहेरची आठवण, गरम पाण्याला रोज शेवटचा नंबर लागतो ही तक्रार, आणि एका पावसाचं वर्णन. कुणी रागावलं नाही. सगळे हसले. आत्या सत्तरीला आली तेव्हा तिने मला हे सांगितलं. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं, हसण्याशी भांडायचं कसं, असं ती म्हणाली. त्या वहीची उरलेली पानं धोब्याच्या हिशेबात संपली. तिने पुन्हा स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही.

आत्याने काही लपवलं नव्हतं. तिचं होतं ते तिच्यापाशी राहिलं नाही, एवढंच. लपवणं वेगळं आणि आपल्यापाशी ठेवणं वेगळं, हा फरक आपल्याला कुणी शिकवला नाही.

मोठमोठ्यांच्या घरीही हेच. 'युद्ध आणि शांती' लिहिणारे रशियन लेखक टॉलस्टॉय यांनी १८६२ साली लग्नाच्या तोंडावर आपल्या डायऱ्या नियोजित वधूला, सोफियाला, वाचायला दिल्या. तो चौतीस वर्षांचा, ती अठराची. आपल्या आयुष्यातल्या आधीच्या बायकांबद्दल त्याने त्यात सगळं लिहिलेलं. हेतू प्रामाणिकपणाचा असेल, पण त्या मुलीच्या मनावर झालेला घाव पुढे कधी नीट भरला नाही. पुढे दोघंही डायरी लिहीत आणि एकमेकांची वाचत. आणि अखेर १९१० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, टॉलस्टॉयना फक्त स्वतःसाठी म्हणून एक वेगळी डायरी सुरू करावी लागली. ती त्यांनी बुटात लपवली होती. तीही सोफियाला सापडलीच!

सांगायचं काय, की कुणीतरी वाचणार आहे हे ठाऊक असलं की डायरी ही डायरी राहत नाही. तिचं पत्र होतं. मग आपण नकळत स्वतःची बाजू मांडू लागतो, कुणाला टोमणे मारू लागतो किंवा शहाण्यासारखं लिहू लागतो. खरं लिहायचं तर कुलूप हवं. हे नवऱ्याला सरळ सांगावं : "मी डायरी लिहिते, ती माझी आहे, तू वाचू नकोस." चांगला नवरा हे ऐकतो. आणि आपणही त्याच्या फोनमध्ये डोकावू नये, हे ओघानेच आलं.

काही भगिनींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आवडीनिवडीचा नसतो. घरात त्रास असेल, हात उगारला जात असेल, पैसे अडवले जात असतील, तर कोणत्या तारखेला काय झालं हे लिहून ठेवलेलं पुढे कामी येतं. 'सारखंच होतं' असं सांगण्यापेक्षा चार तारखा सांगता येणं केव्हाही बळकट. अशा वेळी डायरी त्या माणसाला पासवर्ड ठाऊक नसलेल्या खात्यावरच ठेवावी, आणि आपला फोनच कुणी तपासत असेल तर विश्वासातल्या मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या घरी कागदावर ठेवावी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्यासाठी आहे आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे, हेही लक्षात असू द्या.

कुलूप घातलं की झालं का?

नाही. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असं फोनच्या बाबतीत फार होतं. चार खिडक्या तपासून घ्या.

पहिली खिडकी बोटांची. आपल्या फोनमध्ये आपलंच बोट नोंदवलेलं आहे ना? पुष्कळ घरांत मुलांनी खेळ खेळण्यासाठी आईच्या फोनमध्ये आपलंही बोट नोंदवून ठेवलेलं असतं. डायरीचं कुलूप बोटाच्या ठशाने उघडत असेल तर ते त्या बोटानेही उघडतं. सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदवलेली बोटं मोजा. जास्तीची काढून टाका, किंवा डायरीला वेगळा पासवर्ड द्या.

दुसरी खिडकी खात्याची. फोन नवा घेतला तेव्हा दुकानदाराने किंवा मुलाने जे जीमेल खातं घातलं, त्यावरच आपलं सगळं चालू असतं. तेच खातं मुलाच्या अभ्यासाच्या टॅबवर असतं, ह्यांच्या लॅपटॉपवर असतं. कीपसारख्या ॲपमधली नोंद खात्याबरोबर फिरते. इथे लिहिलेलं तिथे आपोआप दिसतं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी नणंदेबद्दल लिहिलेलं मुलाच्या टॅबवर उमटलं, आणि मुलाने ते आत्यालाच भाबडेपणाने वाचून दाखवलं! तेव्हा स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पासवर्डचं वेगळं खातं काढा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ते कोणकोणत्या यंत्रांवर उघडं आहे याची यादी मिळते. त्यातलं नको असलेलं यंत्र तिथूनच बाहेर काढता येतं.

तिसरी खिडकी पडद्याची. फोनच्या पहिल्या पडद्यावर नोंदींची छोटी पाटी लावलेली असेल तर ती काढून टाका. लिहून झाल्यावर ॲप नुसतं मागे न सारता पूर्ण बंद करा, नाहीतर नुकत्याच उघडलेल्या ॲपच्या रांगेत ते पान दिसत राहतं.

चौथी खिडकी झेरॉक्सच्या दुकानाची. डायरी छापून घ्यावीशी वाटली म्हणून दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आपली प्रत आपल्याला मिळते, पण एक प्रत त्याच्या संगणकात राहते. छपाई घरच्या किंवा विश्वासाच्या यंत्रावर करावी.

ज्या ॲपला स्वतःचं कुलूप नाही त्यालाही बाहेरून कुलूप घालता येतं. बऱ्याच फोनमध्ये 'ॲप लॉक' असतं. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून वेगळी 'खाजगी जागा' करून त्यात ॲप ठेवण्याची सोय आली आहे. आयफोनमध्येही त्याच वर्षीपासून कुठलंही ॲप कुलपात ठेवता येतं. मात्र तुमच्या फोनमध्ये यातलं काय आहे ते आधी पाहून घ्या. आणि एक पथ्य : बँकेचे पासवर्ड, एटीएमचा पिन, आधारचा फोटो या गोष्टी डायरीत कधीही नकोत. डायरी मनासाठी आहे, तिची तिजोरी करू नये.

आता लिहायचं काय?

"आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतंच काय?" असं पुष्कळ जणी म्हणतात. त्यांना मी माझी एक साधी युक्ती सांगते. पहिलं वाक्य 'मला' किंवा 'मी' या शब्दाने सुरू करायचं. बस्स.

करून बघा. वाटतं तेवढं सोपं नाही ते! आपली जीभ 'मुलांना', 'ह्यांना', 'आईंना' यांवर वळलेली असते. 'आज सगळ्यांना पुरणपोळी आवडली' हे वाक्य चटकन सुचतं. 'मला आज पुरण वाटायचा कंटाळा आला होता' हे सुचायला वेळ लागतो. पण दुसरं वाक्य डायरीचं आहे. पहिलं घरखात्यात गेलं तरी चालेल.

तीन ओळी पुरतात. काय झालं, मला काय वाटलं, आणि उद्या काय हवं किंवा काय नको. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा लिहा. दिवस चुकला म्हणून हळहळू नका. मागच्या उन्हाळ्यातली माझी एक नोंद एवढीच आहे : 'मला आज दोन तास कुणीही हाक मारली नाही. छान वाटलं.' वाचते तेव्हा आजही हसू येतं आणि ती दुपार जशीच्या तशी आठवते.

मनात काही सलत असेल तर जरा जास्त लिहावं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहिल्या लिहिल्या उलट वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम कधी जास्त, कधी अगदी थोडा दिसला, तेव्हा लिहिणं हे काही रामबाण औषध नव्हे. पण एक गोष्ट आपल्या कामाची आहे : लिहिल्यावर डोळे भरून आले तर घाबरू नये. मात्र लिहून लिहून तेच दुःख रोज उगाळलं जातंय, झोप उडालीय, असं वाटलं तर डायरी मिटून डॉक्टरांकडे जावं. तेही स्वतःसाठी काही करणंच आहे.

शोधलं तर सापडलं पाहिजे

आता मघाशी राहिलेली गोष्ट. गेल्या वर्षी माझं डोकं वरचेवर दुखायचं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? अशा वेळी आपलं ठरलेलं उत्तर असतं, "असंच, अधूनमधून." मी तिथेच फोन काढला आणि 'डोकं' हा शब्द शोधला. जून ते ऑक्टोबर अशा नऊ नोंदी निघाल्या. त्यातल्या सहा दिवशी मी असंही लिहिलं होतं की डबा तसाच परत आणला. साडेबाराची शाळा, मुलांना वाढून, ओटा आवरून पळत निघायचं आणि मधल्या सुट्टीत वह्या तपासायच्या. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि मग म्हणाले, आधी वेळेवर जेवा. आता साडेअकराला मी आधी माझं ताट वाढून घेते. डोकेदुखी पार गेली असं म्हणणार नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळेवर आली. घरातल्या प्रत्येकाची पथ्यं मला पाठ होती. माझ्या पोटाची हकिगत मात्र मला डायरीनेच सांगितली.

असा उपयोग व्हायचा तर लिहिताना थोडी शिस्त हवी.

तारीख स्वतः लिहा. बऱ्याच ॲपमध्ये नोंदीवर शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिसते. जुन्या नोंदीत एक काना बदलला तरी ती बदलते. तेव्हा सुरुवातीला '१४ जून २०२५, शनिवार' असं लिहायचा परिपाठ ठेवा.

महिन्याला एक नोंद करा. त्याच नोंदीत रोजच्या ओळी खाली खाली लिहीत जा. वर्षाच्या बाराच नोंदी होतात आणि पसारा वाढत नाही.

शब्द ठरवून घ्या. फोन बिचारा अक्षर ओळखतो, अर्थ नाही. एकदा 'डोकं', एकदा 'डोके', एकदा 'मस्तक' असं लिहिलंत तर एका शब्दाने सगळं सापडणार नाही. तब्येत, पैसे, माहेर, शाळा, पाळी असे आपले पाच-सहा शब्द ठरवा आणि ओळीच्या शेवटी तोच शब्द जोडा. पाळीच्या तारखा तर अवश्य लिहा. चाळिशीकडे झुकताना त्या नोंदी डॉक्टरांना फार कामाच्या असतात. कुलपातली नोंद शोधताना दिसत नसेल तर ती आधी उघडावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

आणि रागाच्या भरात खोडून टाकू नका. कीपमध्ये टाकून दिलेली नोंद कचरापेटीत सात दिवसच राहते, मग कायमची जाते. भांडणाच्या रात्री लिहिलेलं दुसऱ्या दिवशी लाज वाटून आपण पुसतो, पण सहा महिन्यांनी तेच वाचताना कळतं की आपण उगाच चिडलो नव्हतो. किंवा उगाच चिडलो होतो! दोन्ही कळलेलं चांगलंच.

जपणूक आणि आपल्यामागे

फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. डायरी फक्त फोनमध्ये असेल तर त्याबरोबर ती गेली. म्हणून ॲपच्या सेटिंग्जमध्ये खात्याशी जुळणी चालू आहे का, ते बघा. कंपन्याही आपले नियम बदलतात. एव्हरनोट हे २००८ पासूनचं नावाजलेलं ॲप, पण २०२३ च्या डिसेंबरपासून त्यात फुकट वापरणाऱ्यांना पन्नासच नोंदी ठेवता येऊ लागल्या. भाड्याच्या घरासारखंच आहे हे. सामान कधीही हलवता येईल असं ठेवावं. वर्षातून दोनदा, समजा दिवाळीला आणि मे महिन्यात, सगळ्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून पेनड्राइव्हवर ठेवावी. गूगलच्या सेवांमधला मजकूर 'टेकआउट' नावाच्या सोयीतून एकदम उतरवून घेता येतो.

आणि शेवटी, ज्याचा विचार आपण टाळतो तो प्रश्न. आपल्यामागे ही डायरी कुणी वाचायची? वहीच्या काळी हा निर्णय रद्दीवाला करायचा. आता तो आपल्याला करता येतो. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, असा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे. खातं बंद पडल्यावर काय करायचं हे आधीच सांगून ठेवण्याची सोय मात्र २०१३ पासून आहे. तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंतची मुदत ठरवता येते. मुदत उलटली की आपण निवडलेल्या माणसांना आपण ठरवलेला मजकूर मिळतो, किंवा आपली तशी इच्छा असेल तर सगळं पुसलं जातं. आयफोनवाल्यांना २०२१ च्या अखेरीपासून असाच एक वारस नेमता येतो.

लेकीला द्यावी? बहिणीला? की कुणालाच नको? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि १९१० साली त्या छापून आल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. त्या दोघींनी जगाला सांगायचं ठरवून लिहिलं. आपण ठरवलं तर सांगावं, नाहीतर आपल्याबरोबर न्यावं. ठरवायचं आपण, एवढाच आग्रह धरा.

पण हे सगळं झालं पुढचं. आधी जेवणं उरकू द्या, ओटा पुसून होऊ द्या. मग फोनमध्ये नोंदवलेली बोटं तपासा, डायरीला कुलूप घाला, तारीख लिहा आणि त्यापुढे 'मला' हा शब्द लिहा. वाक्य पूर्ण करायला दोन मिनिटं लागली तरी हरकत नाही. तेवढ्यात कुणी हाक मारलीच, तर म्हणा, "आले हं, एवढं लिहून होऊ दे."